शेंदूरवाडीच्या वडापातली पुढची सीट

विश्रामबाग

सांगलीला उतरलो तेव्हा शहर धुक्यात होते. हे धुके कृष्णेवरून येते असे रिक्षावाल्याने सांगितले. ज्या टपरीवर चहा घेतला तिथल्या मालकाच्या मते ते साखर कारखान्याचे होते. वास दोघांच्याही बाजूने साक्ष देत होता: ओल्या मातीचा आणि मळीचा, एकमेकांत मिसळलेला. विश्रामबागेत कॉलेजला निघालेली मुले सायकलींवरून येत, थोड्या अंतरावर दिसेनाशी होत आणि त्यांचे बोलणे तेवढे मागे रेंगाळत राही.

मी अमरावतीचा. या भागात पूर्वी आलो होतो ते बातमीसाठी, धावतपळत. या खेपेला आठवडाभर हाताशी होता आणि जे बघायचे होते ते डोळ्यांना दिसणारे नव्हते.

शैलजाताई इथल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. माणसाच्या मनाचा कल कसा बनतो, कशाने बदलतो आणि तो मोजता येतो का, हा त्यांचा अभ्यासविषय. एका मित्राच्या ओळखीने मी त्यांच्याबरोबर हिंडण्याची परवानगी मागितली होती. बाई पन्नाशीच्या, बोलणे सावकाश. वाक्य अर्ध्यावर सोडायचे आणि समोरच्याने ते पुरे करण्याची वाट पाहायची, ही त्यांची सवय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी भडंगाची परात ठेवली, त्यावर कांदा चिरून घातला आणि मोजमापाची रीत सांगितली.

रीत साधी आहे. समोरच्याला एक वाक्य वाचून दाखवायचे: ‘बाईने प्रवासी गाडी चालवायला हरकत नाही.’ मग पाचांतले एक उत्तर निवडायला सांगायचे. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. अशी बरीच वाक्ये झाली की उत्तरांवरून त्या माणसाचा कल कुठे आहे याचा अंदाज येतो.

“आणि माणूस खरे सांगतो?” मी विचारले.

“खोटं सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “पण आपल्याकडं पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही. म्हणून तेच वाक्य पुढं उलटं करूनही विचारायचं. ‘प्रवासी गाडी चालवणं हे पुरुषाचंच काम.’ दोन्हीला हो म्हणाला, तर समजायचं की...”

“की त्याने आत चहा टाकायला सांगितलाय.”

“बरोबर. कल माझ्याकडं आहे, गाडीकडं नाही.”

दिवाळीनंतर त्या कोरेगाव तालुक्यातल्या शेंदूरवाडीला गेल्या होत्या. त्या गावची एक बाई वडाप चालवू लागली होती. गावाने तिच्या बाजूने उत्तरे दिली होती, तीही ठामपणे, उलट्या वाक्यांना उलटी. शैलजाताईंना एवढ्या चांगल्या निकालाचे समाधान वाटले नव्हते. माणसे जे म्हणाली तसेच वागतात का, हे त्यांना आता बघायचे होते.

कोरेगाव

रेल्वे कऱ्हाड सोडून वर सरकू लागली तसे दोन्ही बाजूंना उसाचे तुरे लागले. तुरा आलेला ऊस मी चित्रात पाहिला होता. चित्रात तो हलत नाही. इथे वारा नसतानाही रुपेरी तुऱ्यांचा सगळा पट्टा सावकाश एका अंगाला कलत होता आणि परत उभा राहत होता. समोरच्या बाकावरच्या एका शेतकऱ्याने सांगितले की तुरा म्हणजे नुकसान, वजन घटते. हे कळल्यावरही तो दिसायचा तसाच दिसत राहिला. मधेच डोळा लागला आणि जागा झालो तेव्हाही खिडकीबाहेर तोच पट्टा होता, त्यामुळे किती वेळ झोपलो ते कळले नाही.

वडाप म्हणजे माणसे भरून गावोगाव जाणारी जीप. आमच्याकडे हिला काळीपिवळी म्हणतात. जीप तीच, चालायची रीत वेगळी. आमच्याकडे ड्रायव्हरशेजारची जागा जो आधी येईल त्याची. कोरेगावच्या स्टँडबाहेर ती जागा मानाची. तिथे वडीलधारे पुरुष बसतात आणि तरण्या माणसाने बसायचे ठरवलेच तर तो आधी मागे वळून बघतो, कुणी म्हातारे येत नाही ना. बायका पुढे बसत नाहीत. पुढे दोघे, दाटीवाटीने तिघे, आणि ते भरल्याशिवाय गाडी सुटत नाही. पुढची जागा रिकामी ठेवून सोडली तर डिझेलचेही भागत नाही. गाड्यांचे नंबर लागलेले असतात. आपला नंबर आला की आपली गाडी भरायची, मग मागची पुढे सरकायची.

आम्ही पोहोचलो तेव्हा सुवर्णाचा नंबर होता. वय तिशीच्या आसपास, पदर डोक्यावरून घेऊन खोचलेला, वरून पुरुषी जर्किन. मागच्या बाकांवर बायका, शाळेची मुले, मांडीवर पिशव्या. मागे मुंगीला जागा नव्हती. पुढची सीट रिकामी होती. शेंदूरवाडीचे पुरुष पलीकडे चहाच्या गाड्यापाशी उभे होते आणि कुणालाही घाई दिसत नव्हती.

“चला की रं, सुटायची हाय गाडी,” स्टँडवरच्या गाड्यांचे नंबर लावणारे बापू ओरडले.

“जाऊ दे म्होरं. येतो मागच्या गाडीनं,” एकाने बशीतला चहा फुंकत सांगितले.

“मागच्या गाडीला काय सोन्याची चाकं हाईत?”

“बापू, च्या गरम हाय गड्या.”

बापू आमच्याकडे वळले. शैलजाताईंना ते ओळखत होते. “बगा मॅडम. आमचा काय तिला इरोध न्हाई. तिच्या नवऱ्याचा नंबर तो तिचा नंबर. पर गाडी भरंना. मागच्या पोरांचा खोळंबा हुतो. त्येंनी बी किती दम धरायचा?”

ड्रायव्हर मंडळींनी ठरवले होते ते असे: येत्या बाजारच्या दिवशी सुवर्णाची गाडी तिच्या नंबरला भरली नाही, तर त्यानंतर तिने सगळ्यांच्या शेवटी लागायचे. शेवटचा नंबर म्हणजे दिवसातून एखादी खेप, तीही मिळाली तर. मग जीप विकणे आले. हे सुवर्णा ऐकत होती. तिने आरसा सारखा केला, जो सारखाच होता.

त्या दिवशी पुढे मी आणि शैलजाताई बसलो आणि गाडी सुटली. चहाच्या गाड्यापाशी कुणीतरी समाधानाने म्हणाले, “सुटली बगा.”

शेंदूरवाडीचा रस्ता टेकड्यांच्या पायथ्याने जातो. उन्हे कललेली, टेकड्या करड्या, आणि प्रत्येक वळणानंतर तीच टेकडी थोडी फिरून उभी असल्यासारखी. सुवर्णा गाडी सावकाश आणि एका लयीत चालवत होती. मागच्या बायका तिच्याशी माहेरच्या माणसाशी बोलावे तशा बोलत होत्या. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा मुलगा भरतीत उतरला. त्या आवाजात आणि उन्हात मला पुन्हा गुंगी आली. उतरलो तेव्हा टपावर बांधलेल्या माझ्या बॅगेवर कुणाच्यातरी डब्यातली काकवी सांडलेली होती. डब्याच्या मालकिणीने हळहळ व्यक्त केली, काकवीबद्दल. पुढचे चार दिवस मी जिथे बॅग ठेवी तिथे मुंग्या येत.

शेंदूरवाडी

मुक्काम सुवर्णाच्या घरी होता. तिचा नवरा संपत चौदा-पंधरा वर्षे वडाप चालवत होता. मणका सरकल्यापासून कमरेला पट्टा आहे आणि डॉक्टरांनी गाडीत बसायलाही मनाई केली आहे. तो अंगणात खुर्चीत ताठ बसून वाटाणे सोलत होता.

“मीच बसलो असतो फुडं,” तो म्हणाला. “पर एक खड्डा आला तर तितंच झोपावं लागंल.”

“आईंना बसवल्या हुत्या पयल्या दिवशी,” सुवर्णा चुलीपासून म्हणाली. “त्यास्नी रोज किती न्यायाचं? रानात कोन जायाचं मग?”

“आन् आई पुढनं सारखी ‘देवा देवा’ म्हनायची,” संपत म्हणाला. “मागच्यांना वाटायचं, गाडीला बिरेक न्हाई.”

जेवायला बाजरीची भाकरी, वाघ्या घेवड्याची आमटी आणि खर्डा. आमच्याकडे पावट्याला आणि तुरीला जे स्थान आहे ते इथे या घेवड्याला. दाणा शिजल्यावरही अंगावरचे पट्टे पुसट दिसत राहतात. अमरावतीचा माणूस तिखटाला सहसा हार जात नाही, पण खर्ड्यापुढे मी पाणी मागितले. सुवर्णाने पाणी न देता गूळ दिला आणि तो उपयोगी पडला.

दुसऱ्या दिवशी शैलजाताईंनी पुन्हा घरोघर वाक्ये वाचली. धुके अकरापर्यंत उठत नसे. आम्ही एका दारातून दुसऱ्या दारात जायचो तेव्हा मधले गाव नसायचेच. फक्त एक दार मावळायचे आणि दुसरे उगवायचे. प्रत्येक दारात चहा होता. एका घरी सखूबाई नावाच्या आजी ओसरीवर लसूण निवडत होत्या.

“बाईने प्रवासी गाडी चालवायला हरकत नाही,” शैलजाताईंनी वाचले.

“व्हय. कसली हरकत?”

“प्रवासी गाडी चालवणं हे पुरुषाचंच काम आहे.”

“व्हय की. पुरुषाचंच.”

“आजी, दोन्ही कसं खरं?”

“दोनी बी खरंच हाय, बाय. तू एवढ्या लांबनं आलीस, खोटं कशाला वाचशील?”

दिवाळीनंतर चढत्या भाजणीने सहमत झालेले गाव या वेळीही सहमत होते. अपवाद एकच, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आबा. गाव त्यांना सुभेदार आबाच म्हणते. संपतचे ते चुलत चुलते, म्हणजे सुवर्णाचे सासरे लागतात. उजवा गुडघा वाकत नाही. त्यांनी आमच्यासाठी दोन खुर्च्या मांडल्या, स्वतः तिसरीत बसून पाय लांब केला आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर दिले.

“पूर्ण असहमत.”

पुढच्यालाही तेच. उलट्या वाक्याला “पूर्ण सहमत.” साऱ्या गावात हा एकच माणूस सरळ रेषेत उत्तरे देत होता.

“का ते सांगाल का, आबा?” शैलजाताईंनी विचारले.

“तुमच्या कागदावर ‘का’ला जागा हाय?”

“नाही.”

“मग ऑर्डर जेवडी, तेवडंच काम. बाईनं गाडी चालवू न्हाई. लिवा.”

दुपारी पारावर, कोरेगावला चहाच्या गाड्यापाशी दिसलेली मंडळी भेटली. त्यांतला दत्ता नावाचा तरुण शेतकरी सगळ्यांत मोकळा होता. शैलजाताईंनी या वेळी वाक्य वाचले नाही. सरळ विचारले की तुम्ही सुवर्णाच्या गाडीत पुढे का बसत नाही.

“लय झ्याक चालवती ती,” दत्ता म्हणाला. “संपतपेक्षा झ्याक. संपत वळनावर तमाखू मळायचा.”

“मग?”

त्याने बाकीच्यांकडे पाहिले. कुणी पारावरची पाने गोळा करू लागले, कुणी चप्पल निरखू लागले. “आता आसं हाय मॅडम, की ती भावकीतली सून हाय. आमी समदे तिचे दीर नायतर सासरे. रस्त्यावर समोरनं आली तर आमी बाजूला हुतो. आन् गाडीत खांद्याला खांदा लावून बसायचं? समद्या बाजाराच्या देखत?”

“लेक असती गावची तर?”

“मग काय इषयच न्हवता. लेकीच्या गाडीत बाप बी बसतो की.”

परतताना शैलजाताई म्हणाल्या, “मी ‘बाई’ म्हणून विचारत होते. या गावात बाई नाहीये. लेक आहे, सून आहे, सासू आहे. त्यांनी मनातल्या मनात लेक धरली आणि मला खरं उत्तर दिलं. सुवर्णाच्या गाडीजवळ आले की...”

मी वाक्य पुरे केले नाही. ते पुरे झालेलेच होते.

स्टँड

पुढचे दिवस आम्ही सुवर्णाबरोबर कोरेगावला जायचो आणि तिच्या नंबरची वाट बघत बसायचो. गावातून निघताना फारशी अडचण नसे. सकाळी परगावचे कुणी ना कुणी, दूधवाला किंवा पाहुणा, पुढे बसून जाई. अडायचे ते परतताना, भर स्टँडवर, साऱ्यांच्या डोळ्यांसमोर.

तिथले ते बसणे मला अजून आठवते. समोर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग सरकत असे, ट्रॉलीमागे ट्रॉली, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळे गाणे. एक गाणे दूर जाईपर्यंत दुसरे त्यात मिसळलेले असायचे. मागच्या बाकांवर बायका पेंगायच्या. उन्हात पत्रा तापून टकटक वाजायचा. काही घडत नसे आणि त्या न घडण्यावर एका बाईचे पोट अवलंबून आहे हे आत बसलेल्या सगळ्यांना माहीत असे. तरी वेळ मऊ होत जायचा. मधूनच कुणीतरी विचारी, “सुटली का गं?” आणि दुसरी डोळे न उघडता म्हणे, “न्हाई अजून.”

पुढची सीट भरायला शैलजाताई पुन्हा बसल्या नाहीत. आपण बसलो की आपण आपल्यालाच मोजतो, असे त्यांनी मला सांगितले होते. सुवर्णाला नव्हते सांगितले. मी एकदा बसलो, उतरल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही गेल्यावर कोण बसणार?”

एका दुपारी त्या मागच्या बायकांशी बोलल्या. त्याच का पुढे येत नाहीत?

“लाज वाटती, ताई,” एक म्हणाली. “म्होरली काच केवडी मोटी. समदं गाव बगतंय.”

“आन् पुढं सासरा आला बसाय, तर उठून मागं कुटं जायाचं?” दुसरी म्हणाली. “जागा गेलेली आसती.”

“मी आसं म्हंते,” तिसरीने तोडगा काढला, “सुवर्णे, तू बुरखाच घे एक.”

“मग रस्ता तू सांग मला,” सुवर्णा म्हणाली. सगळ्या हसल्या, आणि नंबर मागच्या गाडीला गेला.

बाजारचा दिवस

बाजारच्या दिवशी कोरेगाव सकाळपासून भरलेले होते. घेवड्याच्या राशी, आल्याचे ढीग, पालाखाली टांगलेले दोरखंड. धूळ आणि ऊन मिळून असा काही उजेड तयार झाला होता की माणसे त्यातून चालत नसून तरंगत येत आहेत असे वाटावे. शैलजाताईंनी आले विकत घेतले आणि कुठेतरी विसरल्या.

दुपारी सुवर्णाचा नंबर लागला. मागे बघता बघता भरले. पुढे कुणी नाही. पाठोपाठ उभ्या असलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. बापूंनी त्याला हाताने थोपवले आणि घड्याळाकडे न बघता आभाळाकडे बघितले. शेंदूरवाडीचे पुरुष नेहमीच्या जागी होते. दत्ताही होता. या वेळी ते गाडीकडे पाठ करून उभे होते.

सुवर्णा खाली उतरली, शैलजाताईंजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “ताई, आज तरी बसा की फुडं. आजच्याला गाडी सुटली तर बापू उद्या काय म्हनायचं न्हाईत.”

शैलजाताईंनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “मी बसले तर सुटेल,” त्या म्हणाल्या. “पण सोमवारी मी कॉलेजात असेन, सुवर्णा.”

“सोमवारचं सोमवारी बगू.”

शैलजाताईंनी खांद्यावरची पिशवी माझ्या हातात दिली. त्यांचे ठरले होते. त्या दोन पावले गाडीकडे गेल्या आणि तिथेच थांबल्या, कारण गर्दीतून सुभेदार आबा येत होते.

ते लोणंदच्या बाजूने कांद्याची रोपे घेऊन आले होते. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली भलीमोठी मोट काखेत, एका हातात काठी. या दिवसांत त्यांनीही सुवर्णाची गाडी सोडून मागच्या गाडीची वाट पाहिली होती, हे आम्ही पाहिले होते. आता त्यांनी मागच्या गाडीकडे नजर टाकली. तिच्या पुढच्या सीटवर एक पाहुणा शेजारी गाठोडी रचून, मांडीवर बोकडाचे पिल्लू घेऊन बसला होता. त्यामागची गाडी अजून आलीच नव्हती. गोणपाटाच्या कडा वाळू लागल्या होत्या. आबांनी एक पाते चिमटीत धरून पाहिले. ते मऊ पडले होते.

“रोपं मरत्यात,” ते कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाले.

त्यांनी सुवर्णाच्या गाडीचे दार उघडले, रोपांची मोट ड्रायव्हरच्या बाजूला सारली, काठी आत टाकली आणि न वाकणारा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. मोट मधे, आबा खिडकीशी. पुढची सीट भरली.

चहाच्या गाड्यापाशी सगळे वळले. बापूंनी गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. सुवर्णा धावत जाऊन बसली. शैलजाताई आणि मी मागच्या दाराला लटकून चढलो. एका बाईने शैलजाताईंना मांडीवर घेतल्यासारखी जागा दिली.

सासऱ्याने सुनेशी सरळ बोलायचे नाही, ही इथली रीत. पण आबांना सांगायचे पुष्कळ होते. त्यांनी मान न वळवता मागे बसलेल्या सखूबाईंना हाक मारली.

“सखू, सांग तिला, दुसरा गेर टाक म्हनावं. चढ हाय.”

“सुवर्णे, आबा म्हंत्यात, दुसरा टाक.”

“आत्ती, सांगा आबास्नी, दुसराच हाय.”

“आबा, दुसराच हाय म्हंती.”

“मग आवाज का करती गाडी?”

“आबा इच्यारत्यात, आवाज का करती?”

“म्हातारी झाली म्हनावं.”

सखूबाई थांबल्या. “हे मी सांगनार न्हाई. मलाच म्हातारी म्हनली आसं समद्यास्नी वाटंल.”

मागे हसू दाबल्याचे आवाज आले. आबा समोर बघत राहिले. मोटेतून झिरपणारे पाणी गिअरच्या दांड्यावरून थेंब थेंब खाली पडत होते. ऊन डाव्या अंगाने तिरपे आत येत होते आणि रोपांचा हिरवा, तिखट वास साऱ्या गाडीभर झाला होता. टेकड्या पुन्हा करड्या झाल्या. बोलणी मंदावली.

ओढ्याच्या अलीकडे रस्ता एकदम खाली उतरतो. तिथे वळणावरून उसाची ट्रॉली आली, साऱ्या रस्त्याची रुंदी व्यापून, तुरे दोन्ही बाजूंना लोंबत. आमच्या बाजूला रस्त्याची कड खचलेली होती.

“पोरी, हळू! डावीला घे, डावीला!” आबा म्हणाले.

“घेते, आबा,” सुवर्णा म्हणाली.

तिने गाडी डावीकडे कडेवर तोलून धरली. ट्रॉली गेली. उसाची पाने काचेवरून घासत गेली आणि थोडा वेळ आतमध्ये हिरवट अंधार झाला. उजेड आला तेव्हा आबांचा एक हात रोपांच्या मोटेवर होता आणि दुसरा समोरच्या पत्र्यावर. सखूबाईंनी तोंड उघडले आणि मिटले. मधे त्यांची गरज पडली नव्हती. हे सगळ्यांच्या लक्षात आले होते.

पाराशी आबा उतरले. दोघांनी रोपे धरली. शैलजाताई त्यांच्या मागे गेल्या आणि कागद न काढता विचारले, “आबा, बाईने प्रवासी गाडी चालवायला हरकत नाही. आता काय म्हणाल?”

“पूर्ण असहमत.”

“पण तुम्ही बसलात.”

“ही चालवती. मला बायांचं इच्यारलंत तुमी, हिचं न्हाई.” त्यांनी काठी टेकली. “रोपं लावायची हाईत. येतो.”

त्या संध्याकाळी शैलजाताईंनी सुवर्णाच्या अंगणात बसून मला समजावले की असे होते. आपल्या मताला न जुळणारे माणूस भेटले की मत बदलण्याऐवजी आपण त्या माणसाला मतातून वगळतो आणि मत आहे तसे जपतो. पुस्तकात याला नाव आहे. मी विचारले, मग काही बदलले असे म्हणायचे का? त्या म्हणाल्या, “बदल असा एकाच वेळी सगळीकडून होत नाही. आधी पाय बदलतात. डोकं नंतर, त्याला पटेल अशा सबबीनं. कधीकधी डोकं येतच नाही, आणि तरीही...” या खेपेला मी वाट पाहिली.

निघताना

सकाळी मला साताऱ्याची एसटी धरायची होती. सुवर्णाच्या पहिल्या खेपेने कोरेगावला आलो. सुभेदार आबा पुढे बसलेले. रोपे नव्हती, पिशवी नव्हती. स्टँडवर ते उतरले, चहा घेतला आणि गाडीपाशी येऊन उभे राहिले.

“आबा, काय काम काढलंत आज?” बापूंनी विचारले.

“काम कशाला पायजे? गाडी आली, मी आलो.”

सुवर्णाचा नंबर लागला तेव्हा मागचे बाक भरत होते. आबा पुढे चढून खिडकीशी बसले. चहाच्या गाड्यापाशी थोडी चुळबुळ झाली. दत्ता निघाला, थांबला, टोपी काढून परत घातली आणि दारापाशी आला.

“सरका की आबा जरा.”

आबांनी त्याच्याकडे पाहिले. खिडकी सोडायला ते नाखूश होते हे दिसत होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा उचलला, गिअरच्या दांड्यापलीकडे नेऊन ठेवला आणि आत सरकले, सुवर्णाच्या खांद्याशेजारी. तिने पदर सारखा केला आणि आरशात मागे बघितले. दत्ता चढला. तो रिकाम्या रस्त्याकडे टक लावून बघत होता. बापूंनी पत्र्यावर थाप मारली.

दत्ता तसाच बसून राहिला तेव्हा आबा त्याला म्हणाले, “दार लावून घे की लेका. गाडी सुटायची हाय.”